अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे फोटो: आधी पंचांग, मग कॅमेरा

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून तयारी तिथीपासून सुरू होते. पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते, ऊन डोक्यावर असतं, शिवाय भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ते लांबवर हटतं खरं, पण ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीच्या तोंडावर, आणि किल्ला उघडा असतो तो सूर्योदय ते सूर्यास्त. त्यामुळे सकाळच्या उन्हासाठी द्वितीया ते चतुर्थी आणि दुपारनंतरसाठी त्रयोदशी-चतुर्दशी धरावी. हा हिशेब तासभर इकडेतिकडे होतो. आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून वेळ पक्की करा.

ओहोटीच्या दीड तास आधी किनारा सोडा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. भरती पहिल्या तासात हळू चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने. ‘पाणी अजून घोट्याएवढंच आहे’ हा अंदाज तिथेच फसतो. पायांत मागे पट्टा असलेल्या, पकड असलेल्या सँडल हव्यात. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा तळवा कापतात. घोडागाडी गुडघाभर पाण्यातूनही नेते, पण ती तुमच्या एक्स्पोजरसाठी (फोटोसाठी कॅमेऱ्यात प्रकाश घेण्यासाठी) थांबणार नाही.

किनाऱ्यावरून किल्ला पश्चिमेला दिसतो: सकाळी उजळ तट, संध्याकाळी नुसती काळी आकृती. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय रचलेले आहेत; फटींत पाणी शिरतं आणि लाटेचा जोर मोडतो. या फटीच फोटोत यायला हव्यात. ऊन समोरून पडलं तर तट सपाट दिसतो, म्हणून तटाच्या कडेने पुढे सरका आणि ऊन बाजूने घासून जाईल असा कोन धरा. काळा दगड आणि उजळ आकाश एका एक्स्पोजरमध्ये मावत नाहीत. दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो काढा आणि नंतर ते एकत्र जोडा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ओल्या दगडावरची चमक पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, घालवतो. मात्र २४ मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा उमटतो.

लाटांसाठी सहा आणि दहा स्टॉपचे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काळसर काचा, घ्या. १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर सहा स्टॉपने चार सेकंदांचं होतं, दहा स्टॉपने मिनिटभराचं. चार सेकंदांत लाटेच्या रेघा उरतात, मिनिटभरात पाण्याचं धुकं होतं. तटापुढे रेघाच जास्त शोभतात. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत एक्स्पोजर चालू असतानाच खचतात आणि फोटो हलतो. ट्रायपॉड खडकावर रोवा, नाहीतर प्रत्येक पायाखाली प्लायचा तुकडा ठेवा. पण तटाच्या आत ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढलेली हवी, ड्रोनचंही तेच. सिद्धिविनायक मंदिरात फ्लॅश नको, आणि गाभाऱ्यात विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं बाहेर थांबा. लेन्स बदलायची ती तटाच्या आत, वाऱ्याकडे पाठ करून. समोरच्या काचेवर खारा थर बसला की फोटो दुधाळ येतात. तो कोरड्या फडक्याने पुसला तर मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग लेन्स क्लीनरने किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर. तीन-चार फडकी बरोबर असू द्या, एक लगेच खारट होतं. परतल्यावर त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि जोड सुटे ठेवूनच वाळवा.