गाभण म्हशीची लस आणि रेडकाचा चीक

मुंबईत पाऊस 11 जूनच्या आसपास येतो. घटसर्प हा गळा सुजवणारा रोग पावसात उसळतो, आणि त्याची लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांनी ती मे सरायच्या आत टोचून घ्यावी. गळा सुजलेली म्हैस पुष्कळदा दुसरा दिवस बघत नाही, आणि हा रोग गाईपेक्षा म्हशीला जास्त धरतो.

लस द्यायला गेलं की हमखास ऐकू येतं, "ती गाभण आहे, तिला सोडा." गाभडेल, म्हणजे गर्भ पडेल, ही भीती. घटसर्प आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी मेलेल्या जंतूंच्या असतात, गर्भाला त्यांचा अपाय नाही. धोका असतो तो पळवण्यात, पाडण्यात, आणि लस चुकवून रोग आला तर त्याच्या तापात. सकाळच्या गारव्यात, दावणीलाच, रोज धार काढणाऱ्याने धरावं आणि टोचून घ्यावं. दोन दिवस दूध थोडं उतरेल, मानेवर गाठ येईल, घाबरू नका. सहा-सात महिन्यांपर्यंतची गाभण म्हैस बेलाशक टोचावी. त्यापुढची असेल तर आत्ता द्यायची की व्याल्यावर, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

गाभडवणाऱ्या ब्रुसेला रोगाची लस मात्र गाभणीला कधीही नाही. ती जिवंत जंतूंची. फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी रेडकांना, आयुष्यात एकदाच. गाभडलेल्या म्हशीची वार उघड्या हाताने ओढू नका, हा रोग माणसालाही होतो.

आता खरी गोम. लसीमुळे म्हशीच्या अंगात तयार झालेली रोगाशी लढायची ताकद वारेतून पोटातल्या रेडकाला मिळत नाही, ती उतरते चिकात. आणि आपल्याकडे पहिल्या धारेचा चीक जातो कुठे? खरवसासाठी डेअरीवर. भाव चांगला मिळतो, मान्य. पण मग आईला लस टोचून रेडकाच्या पदरात काय पडलं? तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक लागतो, त्यातला निम्मा व्याल्यापासून दोन तासांत. आतडं ही ताकद जेमतेम चोवीस तास शोषतं, नंतर पाजलेला चीक नुसता पोटभरीचा. रेडकू स्वतः ओढत नसेल तर बाटलीने पाजा. नळ्याने घशात ओतलात तर फुफ्फुसात जातो. उरलेल्याचा खरवस खुशाल करा.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. म्हशीच्या दुधातून रेडकाच्या पोटात जंत जातात, म्हणून दहाव्या दिवशी जंताचं औषध. लाळ्या-खुरकुताची पहिली लस रेडकू चार महिन्यांचं झाल्यावर, महिन्याने दुसरी, मग दर सहा महिन्यांनी.

लस तबेल्यावर ठेवायची वेळ आलीच तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली बाटली टोचू नका, फेकून द्या.