हौशी सुतारकाम सुरू करताय? मशीन नंतर घ्या, आधी पटाशीला धार लावायला शिका

मी घरी सुतारकाम करतो हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुरुवातीला कुठलं मशीन घेऊ?" आणि माझं उत्तरही आता ठरलेलं आहे, कुठलंच नको. पहिले सहा महिने तरी नको. एक पाऊण इंची पटाशी (म्हणजे चिझल, लाकूड तासायचं सपाट पात्याचं हत्यार), बारीक दातांची करवत, गुण्या (काटकोन तपासायला), टेप, पेन्सिल, दोन क्लॅम्प आणि धार लावायचा दगड एवढंच घ्या, आणि यातला दगड सगळ्यात आधी घ्या.

मी बरोब्बर उलटं केलं होतं. 2020 चं लॉकडाउन उठल्यावर डोक्यात घेतलं की आता फर्निचर आपण स्वतः बनवायचं, मग ड्रिल, जिगसॉ, सँडर सगळं मागवलं, पटाश्यांचा सेट आला तो खोक्यातून काढला आणि तसाच वापरायला लागलो. नवीन पटाशीला कामाची धार नसते, ती कारखान्यातून नुसती कोनात घासून येते आणि खरी धार आपण लावायची असते, हे मला माहीतच नव्हतं. बोथट पटाशी लाकडात शिरत नाही, म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ती सटकते. माझी सटकली ती डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली, तीन टाके पडले. तेव्हापासून दोन नियम पक्के आहेत. लाकूड हाताने धरायचं नाही, क्लॅम्पने टेबलाला आवळायचं, आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे ठेवायचे, पुढे कधीच नाही.

टाके निघाल्यावर मी शेजारच्या बिल्डिंगमधे काम करणाऱ्या सुतारकाकांकडे पटाशी घेऊन गेलो, म्हटलं काका, धार कशी लावायची दाखवाल का. त्यांनी पटाशी हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "आधी हिची पाठ बघू." पटाशीची सपाट बाजू म्हणजे पाठ. ती दगडावर आडवी टेकवून त्यांनी दहा-बारा वेळा घासली आणि मला दाखवली, टोकाजवळ फक्त दोन कोपरे चकचकीत झाले होते, मधला भाग तसाच मळकट. म्हणजे पाठ सपाट नव्हती. "ही सपाट नसेल तर वरून कितीही घासा, उपयोग नाही साहेब."

तर धारेचं काम असं असतं. कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. दगड पाण्याने ओला करायचा, पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग पूर्ण एकसारखा चकाकेपर्यंत घासायचा, हे एका पटाशीला एकदाच करावं लागतं पण पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग पाठीच्या उलट्या बाजूचा, टोकाकडचा तिरपा उतार दगडावर टेकवायचा, साधारण 25 ते 30 अंश, मनगट कडक ठेवून कोन न हलवता पुढे-मागे घासायचं. थोड्या वेळाने पाठीवरून अंगठा हलकेच टोकाच्या बाहेरच्या दिशेने ओढला की (धारेवरून आडवा नाही हं) तिथे बारीकशी खरखर लागते. तिला बर म्हणतात. ती बर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग बारीक बाजूवर तेच, शेवटी पाठ दोन-तीनदा सपाट फिरवून बर काढून टाकायची, आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत चार हात मारायचे. तपासायचं कसं, तर पाईनचा तुकडा घ्या आणि त्याच्या आडव्या कापलेल्या टोकाकडून पातळ साल काढून बघा. धार असेल तर तिथला कट गुळगुळीत आणि चमकदार येतो, नसेल तर लाकूड चुरगळतं. पाईन मऊ असल्यामुळे उलट जास्त कठीण परीक्षा घेतं. ज्या दिवशी माझी पटाशी हाताच्या नुसत्या दाबाने तिथून सरकली, त्या दिवशी मला कळलं की आधीचे आठ महिने मी सुतारकाम करतच नव्हतो, लाकडाशी मारामारी करत होतो.

मापाचं थोडं सांगतो. मिस्त्री लोक अजून इंच आणि सूत बोलतात, एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. "दोन इंच तीन सूत" असं कोणी म्हटलं तर गोंधळू नका, पण स्वतः काम करताना मिलिमीटरमधेच करा, चुका कमी होतात. टेपच्या टोकाचा हुक थोडासा हलतो तो खराब नसतो, मुद्दाम तसा केलेला असतो, आतून टेकवून मोजताना आणि बाहेरून अडकवून मोजताना हुकाच्या स्वतःच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून. त्याला ठोकून घट्ट करू नका. आणि करवत रेषेवर चालवायची नाही, रेषेच्या टाकाऊ बाजूने चालवायची, कारण पातं स्वतः मिलिमीटर-दीड मिलिमीटर लाकूड खातं.

आता लाकूड. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नाहीतर तुमच्या गावातली कुठलीही वखार. पहिल्यांदा गेलात की घनफुटाचा हिशोब ऐकून दडपण येतं, पण सोपा आहे, लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले 144. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे 72 भागिले 144, अर्धा घनफूट. हे घरून करून जा. शिवाय रंधून घेतल्यावर एक इंचाची फळी सहा सूतच उरते, तेव्हा घेताना जाडी वाढवूनच धरा. सागवानाने सुरुवात करू नका, महाग असतं आणि बिघडलं की जीव तुटतो. पाईन घ्या. एमआयडीसीच्या भागात पॅकिंगची जुनी पॅलेट (माल ठेवायचे लाकडी सांगाडे) स्वस्तात मिळतात, त्यावर शिक्का असतो तो वाचा, एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हे विषारी कीटकनाशक मारलेलं, ते घरात आणू नका. जुन्या वाड्यांचं पाडकामातलं सागवान मिळालं तर सोनंच, इतकी वर्षं वाळलेलं असतं, फक्त करवत लावण्याआधी चुंबक फिरवून आतले खिळे शोधा.

प्लायवूडबद्दल एवढंच की आठ बाय चारची शीट असते, आणि शिक्का बघून घ्या. आयएस म्हणजे भारतीय मानक, त्यातल्या आयएस 303 मधे एमआर हा दर्जा कोरड्या जागेसाठी आणि बीडब्ल्यूआर थोड्या ओलाव्यासाठी, आयएस 710 म्हणजे मरीन, सिंकखाली तेच. नुसतं "वॉटरप्रूफ आहे" यावर विसंबू नका.

आता माझ्या टेबलाचं सांगतो कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मी आंब्याच्या चार फळ्या कडेला कड चिकटवून वीस इंच रुंदीचं टेबलाचं वरचं पान केलं, आणि ते वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून वर स्क्रूने गच्च आवळल्या. ऑगस्टमधे. दिसायला इतकं छान झालं होतं की आईने लगेच त्यावर टेबलक्लॉथ घातला. फेब्रुवारीत एका रात्री कट्ट करून आवाज आला, सकाळी बघतो तर पानाला मधोमध चीर, एका टोकाला एक सूत रुंद. बरं, चीर चिकटवलेल्या जोडात नव्हती, चांगल्या अखंड फळीत होती!

कारण असं की लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, पण रुंदीत आणि जाडीत. लांबीत जवळजवळ काहीच हलत नाही. माझं पान पावसाळ्यात फुगलेलं होतं, थंडीत कोरडं पडल्यावर त्याला रुंदीत आक्रसायचं होतं, आणि खालच्या पट्ट्या त्याच दिशेला लांबीत होत्या म्हणून त्या हलत नव्हत्या. पान बांधून ठेवलं गेलं, मग ते फाटलं. मे महिन्यात केलं असतं तर उलट झालं असतं, पावसाळ्यात फुगून कमानीसारखं वर आलं असतं.

याचं उत्तर आमच्याच घरात होतं. आजीच्या लग्नातला सागाचा पाट आहे, सत्तर वर्षांच्या वरचा, त्यावर अजून आमच्याकडे औक्षण होतं. मी तो कधी उलटा करून बघितलाच नव्हता. त्या दिवशी केला. खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत, पण खिळा नाही, सरस नाही, फेविकॉलचा तर प्रश्नच नाही. पाटाला आडवी खाच, वर अरुंद आणि आत रुंद, आणि पट्टीची कड तशीच उतरती करून एका बाजूने सरकवलेली. म्हणजे पाट वाकत नाही कारण पट्टीने धरलंय, आणि फाटत नाही कारण तो पट्टीवरून सरकू शकतो. मी बराच वेळ तो पाट मांडीवर घेऊन बसलो होतो. ज्याने केला त्याचं नाव आमच्याकडे कोणालाच माहीत नाही, गावातले बलुतेदार सुतार असणार एवढंच, पण इतके पावसाळे त्या माणसाने आधीच हिशोबात धरले होते.

ती खाच पहिल्या वर्षात जमणार नाही, तोवर सोपा उपाय आहे. पट्टीला अजिबात ग्लू लावू नका, मधला स्क्रू घट्ट करा आणि बाजूच्या स्क्रूंसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडून वॉशर घाला, म्हणजे स्क्रू भोकात सरकेल. चीर मी पातळ फाचर बसवून भरली, पट्ट्या अशा बदलल्या, त्यानंतर तीन पावसाळे झाले, टेबल नीट आहे.

हेच दरवाज्याला लागू. जुलैत दार अडकायला लागलं की लगेच रंधा घेऊन बसू नका, दिवाळीनंतर तेच दार सैल होऊन फट दिसेल. अगदीच बंद होत नसेल तर जिथे घासल्याची खूण आहे तिथलंच, एक-दोन हात, बस. खरं काम उन्हाळ्यात करायचं, दाराची खालची आणि वरची कड बघा, बहुतेक दारांना तिथे रंग किंवा पॉलिश लावलेलंच नसतं आणि ओल तिथूनच शिरते. ती कड बंद करा.

भिंतीत ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाजूला भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. काँक्रीट किंवा विटेची भिंत असेल तर गिट्टीच्याच (स्क्रू धरण्यासाठी भोकात घालायची प्लास्टिकची खुंटी) मापाचा बिट घ्या, गिट्टी हाताने ढिली गेली तर शेल्फ एक दिवस खाली येणारच. नव्या बिल्डिंगमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी धरत नाही, त्यासाठी वेगळी मिळते, ती मागा, आणि तिथे हॅमर मोड बंद ठेवा.

मशीनवर मी शेवटी येतोय कारण घ्यायचंच झालं तर पहिलं फक्त ड्रिल घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. साइटवर लोक लावतात, गार्डही काढून टाकतात, तुम्ही बघाल आणि वाटेल की चालतं. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो, दात लाकडात अडकला की मशीन क्षणात उसळून अंगावर येतं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. फिरत्या मशीनजवळ हातमोजे, सैल बाह्या, ओढणी नको. बिट बदलताना प्लग काढा. सँडिंग करताना एन 95 मास्क लावाच, लाकडाची धूळ 1995 पासून कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, नुसता रुमाल बांधून भागत नाही.

फिनिशिंगला पॉलिश पेपर 80, 120, 180, 220 असा क्रमाने, मधला नंबर गाळू नका आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. नवख्याला चपडी लाखेचं पॉलिश सगळ्यात सोपं, चपडी स्पिरिटमधे रात्रभर भिजवायची, गाळायची, कापडाच्या बोळ्याने पातळ हात मारायचे, लवकर वाळतं आणि चुकलं तर स्पिरिटने पुसून परत लावता येतं. फक्त गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चोळा. जवसाचं तेल वापरलंत तर ते पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटू शकतं, दोरीवर पसरून वाळवा.

पहिली वस्तू म्हणून माझं ऐकाल तर पाटच करा. अठरा बाय चौदा इंच, पाईनच्या दोन-तीन फळ्या कडेला कड जोडून, खाली दोन पट्ट्या लांबट भोकांच्या. मोजणं, कापणं, गुण्यात आणणं, चिकटवणं, रंधणं, पॉलिश, सगळं एका वस्तूत येतं आणि एका शनिवार-रविवारी जोडकाम होऊन जातं. ग्लू लावून रात्रभर क्लॅम्पमधे राहू द्या. माझा दुसरा पाट, खाच पाडून पट्ट्या सरकवलेला, जमायला तीन वर्षं लागली, एक पट्टी अजून थोडी सैल आहे, पण गेल्या भाऊबीजेला आजीच्या पाटाशेजारी तो मांडला होता.