पुस्तक उघडायच्या आधी तीन प्रश्न लिहा
करवीर नगर वाचन मंदिरातनं माहितीचं जाडजूड पुस्तक आणलं की लगेच पहिल्या पानापासनं सुरू करू नका भावांनो. आधी अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण चाळा, मग कागदावर तीन प्रश्न लिहा. समजा शाहू महाराजांवरचं पुस्तक हाय, तर १९०२ ला ५० टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम का काढला, विरोध कुणी केला, पुढं काय बदललं. आता पेन्सिल ओळीखालनं सरकवत फास्ट वाचायचं, नजर सारखी मागं जाऊ द्यायची नाही, पण उत्तर दिसलं की ब्रेक लावायचा आणि तेवढं हळू, दोनदा वाचायचं, कारण नुसता स्पीड वाढवला की डोक्यात कायच ऱ्हात नाही. प्रकरण झालं की पुस्तक मिटून उत्तर आपल्या शब्दांत लिहा, अडलं तरच परत उघडा.