परतावा अपेक्षेपेक्षा कमी आला? निर्णय घेण्याआधी या चुका टाळा

गुंतवणूक किंवा धंदा अपेक्षेपेक्षा कमी पडला, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन आकडे असतात : एक प्रत्यक्ष हाती आलेला आणि दुसरा आपण धरून चाललेला. पहिला आकडा सगळेच तपासतात. दुसरा कशाच्या आधारावर धरला होता, हे फार थोडे लोक पाहतात आणि बहुतेक चुकीचे निर्णय तेथूनच सुरू होतात.

हिशेबातच चूक करणे. दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील ठरावीक मासिक हप्ता) वर्षभर भरली आणि १,२०,००० रुपयांचे १,२६,००० झाले, तर ‘पाचच टक्के मिळाले, त्यापेक्षा मुदत ठेव बरी’ असे म्हणून अनेक जण एसआयपी बंद करतात. वास्तविक पहिला हप्ता बारा महिने गुंतलेला होता आणि शेवटचा जेमतेम एक महिना. त्यामुळे खरा वार्षिक परतावा ९ टक्क्यांच्या पुढे जातो. हप्त्यांच्या गुंतवणुकीसाठी एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्ता किती काळ गुंतला होता हे धरून काढलेला वार्षिक परतावा, हाच आकडा पाहावा.

चुकीच्या मापाने मोजणे. शेअर बाजारातील फंडाची तुलना मुदत ठेवीशी नव्हे, तर त्याच्या निर्देशांकाशी (निफ्टी, सेन्सेक्ससारख्या) करावी, आणि तीही लाभांश धरून. म्युच्युअल फंडांना अशी तुलना दाखवणे बाजार नियामक सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक केले आहे. निर्देशांकच खाली आला असेल तर दोष फंडाचा नाही. निर्देशांक वर गेला आणि फंड तीन-चार वर्षे सातत्याने मागे राहिला, तर मात्र विचार करावा.

पडत्या शेअरमध्ये भर घालत राहणे. भाव निम्म्यावर आला, तर मूळ किमतीला पोहोचण्यासाठी तो दुप्पट व्हावा लागतो. आपण तो घेताना धरलेले कारण अजून टिकून आहे का, एवढाच प्रश्न विचारावा.

नफा आणि रोकड यांत गल्लत करणे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखानदारांच्या बाबतीत ही चूक सर्वांत महागात पडते, असे माझे मत आहे. ऑर्डरी आहेत, ताळेबंदात नफा दिसतो, तरीही पगाराच्या तारखेला ओव्हरड्राफ्ट काढावा लागतो आणि मालक धंदाच खालावला असे समजून मालाचे दर कमी करतो. दुखणे मात्र उधारीचे असते. सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते. त्यासाठी ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा.

कारण चुकीच्या काळात शोधणे. द्राक्षबागेत हे अगदी जवळून दिसते. जानेवारी-फेब्रुवारीत माल कमी निघाला की औषधांना किंवा ऑक्टोबर छाटणीला दोष दिला जातो. प्रत्यक्षात वेलीवर किती घड येणार, हे बरेचसे एप्रिल छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत ठरते. त्या काळात ढगाळ हवामान राहिले किंवा पाऊस झाला, तर काडीच्या डोळ्यांत (कळ्यांत) घडनिर्मिती कमी होते. म्हणून ऑक्टोबर छाटणीपूर्वी काडी तपासणी, म्हणजे डोळ्यांत घड आहेत का याची तपासणी, करून घ्यावी. कितव्या डोळ्यावर छाटायचे हे तर तीत कळतेच, शिवाय मालाचा अंदाज आणि पीककर्जाच्या परतफेडीचे नियोजनही खर्च होण्याआधी सुधारता येते.