वाफसा आला आणि जुना ट्रॅक्टर सुरू होईना?

सोलापूर भागात रब्बी ज्वारीच्या पेरणीला १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा महिना धरतात. त्याआधी पेरलं तर खोडमाशी कोंब खाते. त्यानंतर पेरलं तर कणीस भरायच्या वेळी रानात ओल उरत नाही. या महिन्यातही काळ्या रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, मिळतो तो मोजक्याच दिवसांचा. उत्तराचा पाऊस उघडतो, दोन-चार दिवस ऊन पडतं, ढेकूळ मुठीत फुटायला लागतं. आणि नेमका त्याच सकाळी, पावसाळाभर छपराखाली उभा असलेला ट्रॅक्टर हूं की चूं करत नाही.

मागच्या साली आमच्या वस्तीवर हेच झालं. भावाने इतका वेळ सेल्फ मारला की बॅटरी बसली. मग शेजारचा ट्रॅक्टर आणून ओढून पाहिला. इंजिन फिरत होतं, पण सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा येत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आला. इंजिन बंद करायची वायर गंजून ओढलेल्या जागीच अडकली होती, म्हणजे पंपातून इंजिनाला जाणारं डिझेल बंदच होतं. पंपावरचा दांडा त्याने बोटाने मागे सारला आणि गाडी सुरू झाली. दीड दिवस गेला, तेवढ्यात माळाच्या हलक्या रानातली वरची ओल उडाली. म्हणून सांगतो, पहिल्या दोन प्रयत्नांत सुरू झाला नाही तर चावी सोडा, खाली उतरा आणि बघा.

दोनच गोष्टी आधी ठरवायच्या: इंजिन जोरात फिरतंय का, आणि फिरताना धूर येतोय का.

नुसता 'टक्' आवाज येत असेल किंवा इंजिन रडतखडत फिरत असेल तर डिझेलच्या मागे लागू नका, दोष बॅटरीकडे आहे. तीन महिने उभी राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. साधा मीटर लावून बघा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला द्या. मीटर चांगला आकडा दाखवूनही सेल्फ ओढत नसेल तर टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा क्षार बघा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कानशीने चकाकी येईपर्यंत घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीतून चेसीवर जाणारी अर्थिंगची पट्टी बहुतेकजण विसरतात. तिचा बोल्ट गंजला असला तर नवी बॅटरी आणूनही उपयोग नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीबरोबर स्टार्टरही जळेल.

एक आवाज मात्र वेगळा ओळखा. बॅटरी भरलेली आहे, इंजिन थोडं फिरतं आणि भिंतीला धडकल्यासारखं अडतं. ट्रॅक्टर उघड्यावर असेल आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घातलेला नसेल, तर पावसाचं पाणी सिलेंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. तिथे जोर केला किंवा गाडी ओढली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रीला बोलवा, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढू द्या. ऑइलची पट्टीही ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन सुरू करायचंच नाही.

आता इंजिन छान फिरतंय पण धूर नाही. याचा अर्थ नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. आधी बंद करायची वायर बघा, मग टाकीचा कॉक, मग टाकीत डिझेल किती आहे ते. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली तर आत दव धरतं आणि पाणी तळाला बसतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत धरा, पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल.

एवढं करूनही डिझेल येत नसेल तर लाइनने हवा धरली आहे, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली आहे. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे. अखंड धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग नोझलला डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचा स्क्रू. हा क्रम मोडला तर हवा पुढे ढकलली जाते. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट एक फेरा सैल करून, रेस पूर्ण देऊन सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की आवळा. त्या वेळी बोट किंवा तोंड जवळ नेऊ नका, दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम साधी नसते. हवा पुन्हा पुन्हा धरत असेल तर आपल्याकडच्या उन्हाने तडकलेली रबरी नळी आणि दबलेले तांब्याचे वॉशर बदला. अशा नळीतून कधीकधी थेंबही गळत नाही, पण हवा आत ओढली जाते.

सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाचं बारीक छिद्र चिखलाने बुजलेलं असतं.

पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. बॅटरी कमजोर असल्याने इंजिन सावकाश फिरतंय का, ते आधी बघा. ते ठीक असेल तर नोझल, टायमिंग, पिस्टनची रिंग हे मिस्त्रीचं काम. काळा धूर असेल तर एअर क्लीनर उघडा. त्याच्या ऑइलच्या भांड्यात गाळ किंवा जाळीत उंदराचं घरटं सापडेल. ऑइल खुणेपर्यंतच भरा, वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरला लावून गाडी उठवायची सवय सोडा. रिंगा तुटतात, आग लागते. आणि खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर कधीच सुरू करू नका. गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी पुढे येतो आणि मागचं चाक तुमच्या अंगावरून जातं. घरातल्या पोरांनाही हे बजावून सांगा. सीटवर बसून, न्यूट्रल करून, ब्रेक लावूनच चावी फिरवायची.

पेरणीच्या आठवडाभर आधी एकदा संध्याकाळी गाडी सुरू करून वीस मिनिटं चालवा. काही बिघाड निघाला तर मिस्त्री मिळायला वेळ राहतो. वाफशाच्या दिवशी त्याच्याकडे सगळ्या गावाचीच रांग असते.