फिटच्या औषधांवर काम करायचंय? आधी मात्रा बघा

लातूर, परभणी, हिंगोलीकडून बी.फार्म. करून एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेणारी मुलं मला हमखास विचारतात, की फिटच्या औषधांवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू? मी याच विषयात संशोधन केलंय आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. अमुक औषध चेतापेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतं असं वाचलं, की पहिला प्रश्न विचारायचा: किती मात्रेला?

चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियम साधारण 1 ते 2 मिलिमोलर (मोलर हे द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) असतं, आत मोकळं कॅल्शियम जेमतेम 100 नॅनोमोलर, म्हणजे हजारो पटींनी कमी. संदेश चेतातंतूच्या टोकाशी पोचला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, ते आत घुसतं आणि पुढच्या पेशीसाठीचं रसायन बाहेर पडतं. हे आत घुसणं रोखलं तर झटका थांबेल, असा साधा तर्क होता. 1970 च्या दशकात तो सिनॅप्टोसोमवर, म्हणजे चेतातंतूंच्या तोडून वेगळ्या काढलेल्या टोकांवर, तपासला गेला. उंदराचा मेंदू थंडगार सुक्रोजच्या द्रावणात वाटला की तंतूंची टोकं तुटतात आणि तुटलेली तोंडं आपोआप मिटतात. सेंट्रिफ्यूजने ती वेगळी काढायची. मग त्यात किरणोत्सारी कॅल्शियम-45 घालून ती टोकं उत्तेजित करायला पोटॅशियम वाढवायचं, काही सेकंदांत गाळायचं आणि आत किती गेलं ते काउंटरवर मोजायचं. बार्बिट्युरेट (फेनोबार्बिटलच्या गटातली औषधं) आणि फेनिटॉइन, या फिटवरच्या दोन्ही औषधांनी हा आकडा खाली आणला.

इथेच नवी मुलं खूश होऊन थांबतात. थांबू नका, गणित करा. फेनिटॉइनची रुग्णाच्या रक्तातली अपेक्षित पातळी मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम. रेणुभार 252, म्हणजे अंदाजे 40 ते 80 मायक्रोमोलर. त्यातलं सुमारे 90 टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. मेंदूपर्यंत पोचू शकणारं मोकळं औषध उरलं 4 ते 8 मायक्रोमोलर. टेस्टट्यूबमध्ये अल्ब्युमिन नसतं, त्यामुळे तिथे 200 मायक्रोमोलर घालून मिळालेला परिणाम रुग्णाच्या मेंदूत होत असेल असं म्हणता येत नाही. हे गणित प्रत्येक पेपरच्या समासात पेन्सिलने करायची सवय लावून घ्या. माझ्या मते सेमिनारच्या वीस स्लाइडपेक्षा ते मोलाचं आहे.

दुसरा प्रश्न, पेशीला उत्तेजित कशाने केलं? पोटॅशियमने कॅल्शियमच्या वाहिन्या थेट उघडतात. व्हेराट्रिडीन हे वनस्पतीतलं विष आधी सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम जातं. फेनिटॉइन व्हेराट्रिडीनचा परिणाम कमी मात्रेत अडवतं, पोटॅशियमचा अडवायला बरीच जास्त मात्रा लागते. म्हणजे त्याचा खरा घाव सोडियमच्या वाहिनीवर. कॅल्शियम मागाहून कमी होतं. फेनोबार्बिटलची मुख्य मदार गाबाच्या (चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरवर आहे. कॅल्शियमवरचा परिणाम ठळक होतो तो गुंगी आणि भूल येण्याच्या पातळीकडे जाताना.

कॅल्शियमच्याच वाहिनीवर चालणारं औषध बघायचं तर इथोसक्सिमाइड घ्या. मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांचं काम ते कमी करतं, म्हणून लहान मुलांच्या अॅब्सेन्स (क्षणभर भान हरपणाऱ्या) झटक्यांत उपयोगी पडतं. आपल्या कॉलेजांतले नेहमीचे दोन प्रयोगही हाच फरक दाखवतात: विजेच्या शॉकच्या चाचणीत फेनिटॉइन उंदराला वाचवतं, पेंटिलिनटेट्राझोल या झटके आणणाऱ्या रसायनाच्या चाचणीत इथोसक्सिमाइड. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही औषधं कॅल्शियमच्या वाहिनीच्या अल्फा-2-डेल्टा या उपघटकाला चिकटतात. वाहिनीचं तोंड ती बंद करत नाहीत.

किरणोत्सारी पदार्थांची परवानगी लहान कॉलेजांकडे सहसा नसते, पॅच क्लॅम्प (एकेका वाहिनीतला विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र) तर नसतोच. त्यापायी विषय सोडू नका. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा, बेंगळुरूचं निमहान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था), पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) इथल्या प्रयोगशाळांना लिहा. आणि वॉर्डात एखादी आई विचारेल, 'लेकराला आता फिट येत नाही, गोळी बंद करू का?' तिला कळेल अशा भाषेत सांगा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार्डिनल (फेनोबार्बिटलची गोळी) अचानक तोडायची नाही, एका पाठोपाठ झटके सुरू होऊ शकतात.