डावण्याला दाद न देणारं बिनबियांचं द्राक्ष: संकर आपल्या बागेत कसा करावा

थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या सगळ्या बिनबियांच्या द्राक्षजाती एकाच घरातल्या. थॉमसनच्या वेलीवर एखादी फांदी वेगळी निघाली, कुणाच्या तरी नजरेत भरली आणि नवी जात झाली. मणी लांबला, रंग बदलला, पण डावण्यापुढे, म्हणजे पानांखाली पांढरी लव आणणाऱ्या बुरशीच्या रोगापुढे (डाऊनी मिल्ड्यू), सगळ्या सारख्याच लोटांगण घालतात. म्हणून बागेत ‘वेगळं झाड’ शोधत फिरून रोगप्रतिकार हाती लागत नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

डावण्या मूळचा अमेरिकेतला, आणि तिथल्या रानद्राक्षांना त्याच्याशी झुंजायची सवय आहे. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये सापडला तेव्हा युरोपच्या द्राक्षाकडे उत्तर नव्हतं. आपण अजून मारतो ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण याच रोगापायी निघालं. तेव्हा आई अशी हवी की तिच्यात अमेरिकी रक्त आहे, उदाहरणार्थ विलार्ड ब्लांक ही बियांची संकरित जात. बेणं संशोधन केंद्राकडून, नाव-गाव कळलेलंच घ्या. बंगलोर ब्ल्यू सहज मिळते, पण तिचा उग्र वास आणि सालीतून सुटणारा गर पोरांतही उतरतो. मी तिच्या वाटेला जात नाही.

आई बियांची आणि बाप बिनबियांचा, हा क्रम उलटा करू नका. थॉमसनच्या मण्यात बी धरतं, पण अर्ध्यावर गर्भ मरतो. आई बिनबियांची घेतली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत तो कोवळा गर्भ काढून निर्जंतुक माध्यमावर वाढवावा लागतो. ते प्रयोगशाळेचं काम.

बापाच्या झाडाला गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक, अजिबात लावू नका, पराग निकामी होतात. फवारणी करणाऱ्याला सांगून भागत नाही, खोडाला लाल कापड बांधा. घडावर नुकत्या फुलांच्या टोप्या (कळीवरची झाकणं) पडू लागल्या की सकाळी तो घड कागदावर झटका, परागकोश रात्रभर सावलीत वाळवा, चाळा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत छोट्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा.

आता खरं काम. द्राक्षाचं फूल पाकळ्या उघडत नाही, हिरवी टोपी देठाकडून सुटून वर उडते. ती आपोआप पडायच्या तीन-चार दिवस आधी, टोपीचा हिरवा रंग फिकट होऊ लागला की, बारीक टोकाच्या चिमट्याने तिला बुडाशी धरून वर ओढा. टोपीबरोबर पाचही पुंकेसर निघून येतात आणि मधे इवलीशी सुरईसारखी कुपी (स्त्रीकेसर) उरते. तिला चिमटा लागला तर ते फूल गेलं. घडावर साठ-सत्तर फुलं ठेवा, बाकी कात्रीने उडवा. बटर पेपरची पिशवी चढवा. आमच्याकडे विरळणीला येणाऱ्या बायका हे माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने करतात. त्यांना त्या दिवसाची जास्त मजुरी द्या, हात थरथरता कामा नये.

एक-दोन दिवसांत कुपीच्या टोकावर चिकट थेंब चमकतो. तेव्हा सकाळी मऊ कुंचल्याने पराग लावा, आणखी दोन सकाळी पुन्हा लावा. पिशवीवर आई, बाप, तारीख पेन्सिलने लिहा, शाई पुसली जाते.

घड पूर्ण पिकू द्या. बिया धुऊन, ओलसर वाळूत घालून तीन महिने फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मार्चच्या बिया जूनमध्ये पेरणीला येतात, आणि इथे पावसाळा आपल्या बाजूने असतो. रोपांवर एकही बुरशीनाशक मारायचं नाही. सहा-आठ पानं झाली की दुसऱ्या बागेतली डावण्याची पानं ओल्या पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी आलेली ताजी पांढरी बुरशी पाण्यात धुऊन घ्या आणि संध्याकाळी ते पाणी रोपांच्या पानांच्या खालच्या बाजूने फवारा. त्वचारंध्रं तिथेच असतात. आठवड्याने पानं उलटून बघा. पांढरी लव दिसली की रोप उपटा. बारीक काळे ठिपके आणि लव नाही, म्हणजे पानाने स्वतःच्या पेशी मारून बुरशी कोंडली आहे. ते ठेवा. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाची परीक्षा वेगळी, डावण्यात पास झालेलं रोप भुरीत सपशेल पडू शकतं.

उरलेल्यांचे डोळे डॉगरीज या खुंटावर भरा (कलम करा), फळ लवकर दिसतं. कागदावर निम्मी पोरं बिनबियांची निघायला हवीत, प्रत्यक्षात कमीच निघतात. बी डोळ्याने नको, चावून तपासा. मग मणीगळ बघा, घड तोडून खोलीत ठेवून किती दिवस देठ हिरवा राहतो ते बघा.

पहिल्या पिढीत बाजारात नेण्याजोगं द्राक्ष बहुधा मिळत नाही. बियांची, पण पान स्वच्छ ठेवणारी मुलगी फेकू नका. तीच पुढची आई. तिला बाप म्हणून पुन्हा थॉमसन देऊ नका, क्रिमसनसारखा लांबच्या घरचा बिनबियांचा द्या. आणि दुसऱ्या रानद्राक्षातून आलेला प्रतिकार वेगळ्या वंशावळीत (ओळीत) वाढवत राहा. विलार्ड ब्लांकच्याच वंशातल्या बियांका या प्रतिकारक जातीवर मात करणारा डावण्या युरोपात सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही ओळी तयार झाल्यावर त्यांचा आपसात संकर करा, आणि तेव्हाही हंगामात दोन-चार फवारण्यांची तयारी ठेवा.